नऊपैकी नऊ नापास

खडूला तीन कोपरे होते आणि त्यातला तिसरा झिजलेला होता. शिवणकामाचा, पांढरा, चपटा, बोटांत धरला की गार लागणारा... तो तिसरा कोपरा बाकीच्या दोघांपेक्षा नेमका किती झिजला असावा — दोन मिलिमीटर? अडीच? — हे तो ठरवत होता, आणि ठरवता ठरवता बायकोच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग निसटून गेला. दुसरा अर्धा मात्र स्वच्छ ऐकू आला.

“...नाहीतर उद्या सुताराला बोलावते.”

ती जमिनीवर होती. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाल कापड पसरलेलं — बँडवाल्यांचे बत्तीस कोट, महिनाअखेरीस द्यायचे — आणि त्यावर ती गुडघे टेकून, डावा हात जमिनीवर रोवून, उजव्या हातात कात्री आणि ओठांत चार टाचण्या धरून. टाचण्या धरूनही तिचे शब्द इतके सुटे कसे येतात हे त्याला तीस वर्षांत कळलं नव्हतं. मग ती उठायला लागली, म्हणजे आधी एक गुडघा, मग खुर्चीचा पाय धरणं, मग ‘आई गं’, मग दुसरा गुडघा... हे रोजचंच होतं आणि त्याला ते बघवत नसे, म्हणून तर तो खडूकडे बघत बसला होता.

जमिनीवर वाकून कापणं बंद करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कमरेइतक्या उंचीचं एक लांब टेबल करून घ्या. आणि तो तिथल्या तिथे म्हणाला होता, करून कशाला घ्यायचं, मीच करतो की. निवृत्त होऊन तेव्हा अकरा दिवस झाले होते. पहिल्या पंधरवड्यात माणूस काय वाटेल ते बोलतो. त्यासाठी एक छोटं टेबल-सॉ घ्यायचं ठरलं — मधून गोल पातं वर आलेलं, ज्यावर फळी ढकलली की ती सरळ चिरून निघते, आणि काम झालं की पाय मिटून कोपऱ्यात उभं करता येतं, असं मशीन. घ्यायचं ठरून आठ महिने झाले. कोणतं घ्यायचं एवढंच ठरायचं राहिलं होतं.

सुतार... वडील सुतार होते त्याचे. सुताराच्या पोराच्या घरी टेबल करायला सुतार येणार, जिन्यात शेजारी विचारणार, काय काम काढलंत, आणि तो सुतार टेप उघडून म्हणणार, साहेब, जरा बाजूला व्हा. आणि तो बाजूला होणार. नोकरीची सगळी वर्षं तो बाजूलाच तर उभा होता — वजनमापे निरीक्षक, लोकांच्या तराजूंना, लिटरच्या मापांना, कापड मोजायच्या पट्ट्यांना पास-नापास करणारा. खात्यात त्याला ‘अर्धा ग्रॅम’ म्हणत. समोर नाही, पण दार बंद व्हायच्या आत म्हणत.

“संध्याकाळपर्यंत बघा,” ती म्हणाली. “मी भांडत नाहीये हं. माझ्याच्यानं आता होत नाही.”

भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मुद्दे असतात आणि मुद्द्यांना उत्तरं देता येतात. त्यानं मान डोलावली, हातात जे काय होतं ते खिशात टाकलं, वही घेतली, बारीक मापं घ्यायच्या व्हर्निअर कॅलिपरची डबी घेतली आणि चपला घालून बाहेर पडला.

वही दोनशे पानी होती आणि त्यातली एकशे चाळीस भरली होती. नऊ मशिनं, प्रत्येकाला बावीस रकाने. पात्याचा व्यास, मोटारची ताकद, वजन, वायरची लांबी, फळी किती रुंद चिरता येते, पातं तिरकं केल्यावर किती खोल जातं, आवाज किती, भुस्सा कुठून पडतो, बटण डाव्या हाताला की उजव्या. निकालाचा रकाना शेवटी, लाल शाईत. नऊपैकी नऊ नापास. एकाची वायर आखूड, एकाचं गाईड डुगडुगतं — गाईड म्हणजे पात्याला समांतर बसणारी ती लांब पट्टी, जिला टेकवून फळी ढकलायची — एकाचं सगळं बरोबर पण माहितीपुस्तकात वजनाच्या पुढे ‘सुमारे’ लिहिलेलं. सुमारे. वजन काय सुमारे असतं? आणि आठ महिन्यांत नऊपैकी दोन मशिनं कंपनीनं बनवायचीच थांबवली, तरी त्यांची पानं त्यानं फाडली नव्हती. उमेदवार वारला म्हणून त्याची उत्तरपत्रिका कोणी फाडत नाही.

नाचता येईना अंगण वाकडं, असं बायको म्हणायची. पण बाई गं, अंगण खरोखरच वाकडं असतं त्याचं काय? मी मोजलंय ना.

जिन्यातून उतरताना पायऱ्या आपोआप मोजल्या गेल्या, बेचाळीस, आणि बादल्यांची आठवण येऊन त्याचे कान तापले. मशीन बावीस किलोंचं, घर तिसऱ्या मजल्यावर. वर नेणं जमेल का हे मशीन घेण्याआधी कळायला नको? म्हणून दोन बादल्यांत अकरा-अकरा लिटर पाणी, तेही खात्याच्या प्रमाणित मापानं मोजून, घेऊन तो मागे एका सकाळी जिना चढला होता. मग दर दहा पायऱ्यांना नाडी मोजत पुन्हा. तिसऱ्या खेपेला पहिल्या मजल्यावरच्या आजींनी दार किलकिलं केलं आणि बंद केलं. चौथ्या खेपेला सगळ्या जिन्यात नळांचे आवाज. निरीक्षक होते ना ते, सरकारी माणूस, त्यांना आधी कळतं, पाणी जाणार आहे... तासाभरात इमारतीतली सगळी पिंपं, पातेली, न्हाणीघरातले टब भरले आणि दुपारी गच्चीवरची टाकी रिकामी होऊन पाणी खरोखरच गेलं. त्यानंतर त्या आजी त्याच्याकडे फार आदरानं बघत. बायको मात्र दोन दिवस मधूनच एकटी हसायची आणि हसली की पाठ धरायची.

दुकान चौकापलीकडे, वीस मिनिटांच्या चालीवर. चालताना विचार सरळ रेषेत येतात असं त्याचं मत होतं, पण आज ते येत नव्हते, आज वडीलच येत होते. तो बारा वर्षांचा, हातात छोटी करवत, समोर एक फळकुट. त्यानं मोजलं, रेघ मारली. मग रेघ बरोबर आहे का म्हणून पुन्हा मोजलं. मग पुन्हा. वडील रंधा मारता मारता थांबले, बघत राहिले, आणि म्हणाले, “मोजून झालं असेल तर काप. नाहीतर मोजत बस, सरकारला तशीही माणसं लागतात.” रागानं नव्हते म्हणाले. हसत म्हणाले होते, तेच वाईट. आणि तो खरंच मोजत बसला आणि सरकारनं खरंच घेतलं... वडिलांनी आयुष्यात एवढं एकच भविष्य सांगितलं आणि ते तंतोतंत खरं निघालं.

नोकरी लागल्यावर पहिल्याच सुट्टीत त्यानं वडिलांची लाकडी फूटपट्टी तपासली होती. कोणी सांगितलं नव्हतं. प्रमाणित पट्टी शेजारी ठेवली, भिंग लावलं; वडिलांची पट्टी सूतभर आखूड निघाली. चोवीस वर्षांचा होतो मी, खात्याची न पुसणारी शाई खिशातच असायची... पट्टीच्या पाठीवर नियमाप्रमाणे फुली मारली. वडिलांनी पट्टी हातात घेतली, उलटी केली, फुली बघितली. “आखूड आहे होय,” म्हणाले. “बरं झालं सांगितलंस.” आणि दुसऱ्या दिवशी त्याच पट्टीनं एक कपाट करायला घेतलं. ते कपाट आजही घरात आहे आणि त्याचं दार आजही एका बोटानं लागतं. ती पट्टी बायकोकडे आहे, ती कापडावर रेघा मारायला वापरते. फुली वरच्या अंगाला करून वापरते, मुद्दाम की काय, त्यानं कधी विचारलं नव्हतं. विचारायची त्याला लाज वाटायची, आणि ती वाटते हेही त्यानं आजवर स्वतःला असं सरळ सांगितलं नव्हतं.

दुकानदारानं त्याला काचेतूनच पाहिलं आणि न बोलता मशिनांच्या ओळीजवळ एक स्टूल सरकवून ठेवलं. ही आठवी खेप होती. पहिल्या खेपेला दुकानदारानं मशीन चालवून दाखवलं होतं, दुसऱ्या खेपेला चहा मागवला होता, तिसऱ्या खेपेला ‘घरचंच दुकान समजा’ म्हणाला होता, आणि त्यानं ते शब्दशः घेतलं होतं. आता त्याला दुकानातली बटणं ठाऊक होती. मशीन तपासायच्या आधी तो स्वतःच जाऊन प्लग काढून ठेवायचा.

“आज कोणतं मोजायचं, साहेब?”

“सात नंबर,” तो म्हणाला. “फेरतपासणी.”

त्यानं व्हर्निअरची डबी उघडली तेवढ्यात एक बाई आत आल्या. पन्नाशीच्या, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या, केसांत भुस्सा, फर्निचरवाल्या असाव्यात. आपलं मशीन काल कामावर जळालं, आजच्या आज दुसरं पाहिजे, असं त्यांनी दुकानदाराला सांगितलं आणि सरळ सात नंबरपाशी आल्या. “तुमचं चाललंय का?” त्यांनी विचारलं. तो म्हणाला, चालू द्या. बाईंनी टेबलावर दोन्ही तळहात टेकून अंगाचा भार दिला, डुगडुगतंय का बघितलं. पातं वरखाली केलं. एका हातानं मशीन अर्धवट उचलून पाहिलं, हं म्हणाल्या, पात्यावरचं झाकण काढून परत लावलं, बोटं जातील असं नाही ना एवढंच पुटपुटल्या आणि म्हणाल्या, “यातलं एक बांधा.”

त्यानं घड्याळ बघितलं. चार मिनिटं. आठ महिने आणि चार मिनिटं... त्याला राग आला. खरोखरचा, घशाशी येणारा राग, खोटा काटा लावून बसलेल्या दुकानदाराचा यायचा तसा. बाईंनी वायर मोजली नव्हती. बाईंनी आवाज विचारला नव्हता. अशी माणसं जगात आहेत म्हणून तर निरीक्षक लागतात, हे त्यांना सांगावंसं वाटलं, पण बाईंच्या दोन्ही हातांना दहा बोटं होती आणि ती सगळी कामाची दिसत होती. वडिलांचीही दहाच्या दहा शेवटपर्यंत शाबूत होती. तेही कधी वायर मोजणारे नव्हते. अर्थात त्यांच्या करवतीला वायर नव्हती.

तो खाली वाकला. पात्याच्या पुढच्या दातापासून गाईडपर्यंत अंतर घेतलं. मागच्या दातापासून घेतलं. पुन्हा घेतलं. अर्धा मिलिमीटर फरक. गाईड मागच्या बाजूला पात्याकडे झुकलेलं — फळी त्यात अडकणार, उलटी उसळणार, अंगावर येणार! आणि त्या क्षणी त्याला इतका आनंद झाला की काय सांगावं. छातीतला राग विरघळला, पाठ ताठ झाली, हात आपला आपण खिशात गेला, खिशात जे गार आणि चपटं लागलं ते घेऊन बाहेर आला आणि मशिनाच्या करड्या पत्र्यावर, वीतभर लांबीची, ठसठशीत पांढरी फुली मारून मोकळा झाला.



दुकानदार फुलीकडे बघत होता. बाई फुलीकडे बघत होत्या. तो स्वतः हातातल्या खडूकडे बघत होता — तीन कोपरे, तिसरा झिजलेला... आता आणखी झिजलेला. पांढरा हा एकच राहिला होता घरात. लाल कापडावर लाल दिसत नाही, निळा धड दिसत नाही. म्हणजे ती तिथे... म्हणजे सकाळपासून तिचं काम...

“अहो, हे काय केलंत?” दुकानदार म्हणाला.

“अर्धा मिलिमीटर,” तो म्हणाला. पण त्याला स्वतःलाच तो आवाज कार्यालयाच्या रिकाम्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

बाई पुढे झाल्या, एक डोळा मिटून गाईडच्या रेषेत बघितलं. “आहे खरा फरक,” त्या म्हणाल्या. “नजर आहे तुमची. पण एवढा असतोच. ते दोन स्क्रू सैल करायचे, टिचकी मारायची, आवळायचे. नवं मशीन घेतलं की पहिलं काम तेच.” आणि दुकानदाराच्या हातातली स्क्रू फिरवायची वाकडी किल्ली घेऊन त्यांनी ती त्याच्या पुढे धरली, स्वतः लावली नाही. “करा की.”

सोनारानंच कान टोचावे लागतात म्हणतात. करा की! एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यानं अकरा हजारांवर तराजू नापास केले होते. नापास झालेला तराजू त्यानंतर कुठे जातो, तो कोण दुरुस्त करतं, त्याच्या हातात कोणती किल्ली असते, हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. फुली मारली की फाइल बंद. फुलीनंतर तो तराजू जिवंत राहतो, हे माहीत होतं, अर्थातच माहीत होतं, पण जसं चंद्रावर खड्डे आहेत हे माहीत असतं तसं. त्यानं किल्ली घेतली. पहिल्यांदा उलटी फिरवली. दुकानदारानं तोंड फिरवलं. मग स्क्रू सुटले, त्यानं गाईडला बोटानं हलकेच टिचकी मारली — टिचकी किती, याचं माप कुठल्याच वहीत नव्हतं — आणि आवळलं. मोजलं. पुढे बरोबर, मागे बरोबर. शून्य.

“झालं?” बाईंनी विचारलं.

 डोळ्यांत पाणीबिणी आलं की काय म्हणून त्यानं घाईघाईनं खिशातलं भिंग काढून डोळ्यापुढे धरलं. बाईंचं मशीन तोवर बांधून झालं होतं, त्या गेल्यासुद्धा. “हे फुलीवालं बांधा,” तो दुकानदाराला म्हणाला, आणि दुकानदार ते ऐकून हातातली दोरी खाली ठेवून स्टुलावर बसला. पुसून देऊ का, असं त्यानं नंतर विचारलं. नको म्हणाला.

टेम्पोवाल्यानं दारापाशी सोडलं आणि बेचाळीस पायऱ्या त्यानं बावीस किलो — खरे, ‘सुमारे’ नव्हे — दहा-दहा पायऱ्यांच्या टप्प्यांनी चढवले. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी दार किलकिलं केलं. “काही भरून ठेवायचं का?” त्यांनी विचारलं. तो धापा टाकत नाही म्हणाला. तरी दार लागल्यावर आत कसली तरी पेटी सरकवल्याचा आवाज आला.

बायको पलंगावर आडवी पडलेली होती. लाल कापड सकाळी होतं तिथेच, अर्धं कापलेलं. तो दारात उभा, घामाघूम, पायाशी खोकं. त्याला पहिल्यांदा जे सुचलं ते त्यानं खिशातून काढून तिच्यापुढे धरलं.

“तुमच्याकडे होता होय,” ती म्हणाली. “आणि मी सगळं घर पालथं घातलं. मग म्हटलं, मरू दे, आणि पडले. दुपारभर पडले. पाठ किती दिवसांनी अशी मोकळी लागली.” मग तिची नजर खोक्याकडे गेली आणि ती कोपरावर उठून बसली.  तिनं केस नीट केले, पाहुणे आल्यावर करते तसे.

घडीचे पाय उघडून मशीन मधल्या खोलीत उभं राहिलं. कपाटामागून आठ महिन्यांपूर्वी आणलेल्या फळ्या निघाल्या, त्यांच्यावर धूळ, एकीवर कोळ्याचं जाळं. उंची किती हवी, त्यानं विचारलं आणि टेप काढला; तिनं आकडा सांगितला नाही, ती भिंतीपाशी ताठ उभी राहिली, तळहात हवेत आडवा धरला, कापायला उभी राहील तसा, डोळे मिटून जरा वर, जरा खाली, आणि म्हणाली, “इथे.” त्यानं खडूनं तिच्या तळहाताखाली भिंतीवर रेघ मारली. टेप लावायला गेला तर तिनं कापडावरची लाकडी पट्टी पुढे केली. फुली वरच्या अंगाला.

“ही आखूड आहे,” तो म्हणाला.

“माहितीये,” ती म्हणाली. “तीच लावा. फळीलाही तीच लावा म्हणजे झालं.”

मग तिला मशिनावरची फुली दिसली. ही कसली, तिनं विचारलं. मारली चुकून, असं तो म्हणणार होता, पण तोंडातून निघालं, “माझी आहे.” ती हसली; हसली आणि पाठ धरली नाही.

पट्टीनं भिंत मोजली, पट्टीनं फळी मोजली. पेन्सिलीची रेघ. प्लग लावला, झाकण लावलं, फळी ढकलायची काठी उजव्या हातात घेतली, गाईडला फळी टेकवली. पात्याचे दात रेघेपासून चार बोटांवर. गाईड शून्य. पट्टी आखूड, पण सगळीकडे सारखी आखूड. वहीतले बावीसच्या बावीस रकाने त्यानं मनात उघडले आणि एकेक करून मिटले. नापास करण्यासारखं मशिनात आता काही राहिलं नव्हतं. फळीत नव्हतं. राहिला होता तो एकटा... आणि त्याला भीती वाटली. बारा वर्षांचा असताना वाटली होती तीच, तसूभरही न झिजलेली, आणि एवढी वर्षं आपण तराजू नाही, मशिनं नाही, हीच मोजत बसलो होतो की काय, असं वाटून त्याला हसू फुटलं. घाबरलेल्या माणसाला येतं तसलं हसू. फळी कापली की परत जोडता येत नाही. बायको जमिनीवरून, छे, आता खुर्चीवरून, बघत होती.

“मोजून झालं का?” तिनं विचारलं.

वाक्याचा पुढचा अर्धा भाग तिला ठाऊक नव्हता, त्याला होता. तो त्यानं आज पूर्ण ऐकला, वडिलांच्या रंध्याच्या आवाजासकट, आणि त्यातलं हसू त्याला ऐकू आलं — ते आपल्याला हसणारं हसू होतं असं तो आजवर धरून चालला होता... आता त्याला तेवढी खात्री देता आली नसती. अर्ध्या मिलिमीटरचा फरक असेल. टिचकीचं काम.

“झालं,” तो म्हणाला. आणि असं म्हणून, बटणावर अंगठा ठेवून, तो तसाच उभा राहिला. किती वेळ, हे त्यानं मोजलं नाही.